टोपी आणि संकोच

‘शिर सलामत तर पगडी पचास’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी सहज येते. परंतु त्या पन्नासांतील एक पगडी डोईवर घेऊन घराबाहेर पडणे आज पुष्कळांना कठीण वाटते. एखादी रुबाबदार टोपी हौसेने विकत घेतली जाते, आरशापुढे घालून पाहिली जाते आणि पुन्हा खुंटीवर टांगली जाते. ‘लोक काय म्हणतील?’ या प्रश्नापुढे हौस माघार घेते.

हा संकोच कसा उत्पन्न झाला, हे पाहण्यासारखे आहे. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रात बोडक्या डोक्याने चारचौघांत वावरणे हेच असभ्यपणाचे समजले जाई. कोळ्यांची तांबडी टोपी, शेतकऱ्याचे मुंडासे, विद्वानाची पगडी यांवरून मनुष्याची जात, प्रांत आणि धंदा ओळखता येत असे. अर्थात निवड व्यक्तीची नसे, समाजाची असे. पुढे शहरांत बोडके डोके रूढ झाले आणि लाजेने आपली बाजू बदलली. पूर्वी टोपी नसल्याची लाज वाटे, आता ती असल्याची वाटते. यावरून ही लाज टोपीत नसून पाहणाऱ्याच्या सवयीत असते, हे उघड होते.

सवय बदलता येते. 1920 मध्ये सुरू झालेल्या असहकाराच्या चळवळीत खादीची साधी पांढरी टोपी देशभर पसरली. ती घालणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे होते. तरीही घालणाऱ्यांनी ती घातली आणि थोड्याच वर्षांत लोकांच्या डोळ्यांना ती परिचित झाली. मुंबईचे डबेवाले आजही पांढरी टोपी घालतात. कामाच्या धांदलीत तिचे कोणाला नवल वाटत नाही. 1930 साली स्टॉकहोम येथे नोबेल पारितोषिक स्वीकारताना चंद्रशेखर वेंकट रामन यांचा पोशाख युरोपीय होता, परंतु डोईवर फेटा होता. तो त्या समारंभापुरता बांधलेला नव्हता. त्यांच्या नित्याच्या वेषाचाच तो भाग होता.

नव्या टोपीची हौस असणाऱ्याने यातूनच बोध घ्यावा. टोपी डोक्याच्या मापाची असावी. सैल टोपी वाऱ्याने उडते आणि घट्ट टोपी कपाळावर वळ उमटवते. उन्हासाठी रुंद काठाची, थंडीसाठी लोकरीची, अशी तिला काही कामगिरी असली म्हणजे ती अंगवळणी लवकर पडते. प्रथम ती घरात घालावी, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जावे. हात वारंवार टोपीकडे नेऊ नये. पाहणाऱ्याचे लक्ष टोपीपेक्षा त्या चाळवाचाळवीकडेच अधिक जाते. पहिल्या दिवशी शेजारी थट्टा करतील. पंधरवड्याने टोपी नसल्यास तेच चौकशी करतील.

काय घालावे, हे पूर्वी जात आणि रूढी ठरवीत असत. ते बंधन पुष्कळ अंशी सुटले आहे. मिळालेले हे स्वातंत्र्य केवळ शेजाऱ्याच्या नजरेला भिऊन खुंटीवर टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही.