घरातले तुर्की शब्द आणि माधवराव पटवर्धन

तुर्की भाषेचा पंडित आपल्याकडे कोण झाला, असे विचारले तर कल्याण-डोंबिवलीचा श्रोता प्रथम हसेल. तुर्कस्तान कोठे आणि उल्हास नदीचा काठ कोठे! पण त्याच श्रोत्याच्या घरी सकाळी चाकूने फळ चिरले जाते आणि दुपारी कैचीने कापड बेतले जाते. हे दोन्ही शब्द तुर्की कुळातले. सायंकाळच्या मैफलीतला तबलजी हा मूळचा तबलची; त्यातला तबला अरबी, तर ‘ते काम करणारा’ या अर्थाचा ‘ची’ हा प्रत्यय तुर्की. मशालची आणि खजानची हे त्याचेच भाऊबंद.

हे पाहुणे आले कसे? बहामनी राज्यात व पुढे त्याच्या शाखांत लष्करात तुर्क पुष्कळ होते. दफ्तराची भाषा मात्र फारसी होती. त्यामुळे तुर्की शब्द आपल्याकडे आले ते फारसीच्या पालखीत बसून. कल्याण प्रांत १६३६ पर्यंत अहमदनगरच्या निजामशाहीत होता. त्याच अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, १५४९ मध्ये मुहम्मद रूमी नावाच्या कारागिराने ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ ओतली. ती आज विजापुरास आहे. रूमी म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. तोफ ओतणारा तिकडचा आणि ‘तोफ’ हा शब्दही तुर्कीच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या पालखीचा पडदा मराठी वाचकासाठी ज्यांनी दूर केला, ते माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन. त्यांना तुर्कीचे पंडित म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांचा विषय फारसी. परंतु आपल्यापुरता तुर्कीचा रस्ता फारसीतूनच जातो.

माधवरावांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोद्यास झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून ते १९१८ मध्ये एम. ए. झाले आणि पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात फारसी शिकवू लागले. १९२३ मध्ये निघालेल्या रविकिरण मंडळाचे ते प्रमुख कवी. पुढे फर्ग्युसनमधील जागा सुटली. या अस्थिर काळातच, १९२५ मध्ये, त्यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ प्रसिद्ध झाला. १९२८ पासून अखेरपर्यंत ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते.

कोशाचे मोल समजण्यास ठाणे जिल्ह्यातील एखाद्या जुन्या घराची पेटी उघडावी. आत मोडी कागद असतात: कोठे इनामाचा, कोठे वतनाचा, कोठे तंट्याच्या निवाड्याचा. अक्षर लावता आले तरी अर्थ लागत नाही, कारण वाक्य मराठी आणि त्यातले निम्मे शब्द परके. ज्या कागदावर आजोबांच्या जमिनीचा हक्क उभा, तोच नातवाला कळू नये, ही अवस्था दूर करण्याचे साधन माधवरावांनी दिले.

परंतु त्यांच्या चरित्रात एक विलक्षण वळण आहे. ज्यांनी हे शब्द वेचून ठेवले, उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या, १९३३ मध्ये ‘गज्जलांजली’ देऊन गझल मराठीत रुजवली, तेच पुढे भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. १९३८ मध्ये त्यांनी ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. त्याच वर्षी ‘छंदोरचना’ या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली. पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी ते निवर्तले.

याला विसंगती म्हणावे काय? त्याच दशकात खुद्द तुर्कस्तानात काय चालले होते ते पाहू. १९२८ मध्ये केमाल पाशांनी अरबी लिपी सोडून रोमन लिपी आणली, आणि १९३२ मध्ये भाषामंडळ स्थापून अरबी-फारसी शब्द वगळण्यास आरंभ केला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेला ‘राज्यव्यवहारकोश’ याच जातीचा होता. तथापि तुर्कांनाही सारे टाकता आले नाही. किताब, कलम, दुनिया हे शब्द थोड्या उच्चारभेदाने तेथे आजही नांदत आहेत. लिपी हुकमाने बदलते. तोंडात बसलेला शब्द हुकमाने उठत नाही.

माधवरावांच्या शुद्धीशी आम्ही पूर्णपणे सहमत नाही. चाकूला घराबाहेर काढून भाजी अधिक चांगली चिरली जाईल, असे आम्हास वाटत नाही. परंतु त्यांचा अधिकार आम्ही मानतो. शब्द टाका म्हणणाऱ्या या माणसाने आधी ते एकेक करून तोलले होते, त्यांचे गाव विचारले होते, आणि कोशात त्यांना सन्मानाने जागा दिली होती. न जाणता टाकणारे पुष्कळ, न जाणता वापरणारे त्याहून पुष्कळ.

१६५७ मध्ये कल्याण घेतल्यावर महाराजांनी ज्या खाडीत आरमाराचा पाया घातला, तिच्या काठी दुर्गाडी आजही उभा आहे. तेथे गेल्यावर स्वराज्याच्या रक्षणास सिद्ध असलेल्या तोफा मनात आणाव्यात. त्यांचे नाव तुर्की होते. तोंड मात्र कोणाकडे करायचे, हे आपण ठरविले होते. शब्दांचेही तसेच आहे.