वाडीतली खोली: दिवेआगरचं न्याहारी-निवास

दिवेआगरला जाणाऱ्या नव्या जोडप्यानं समुद्राकडे तोंड असलेली खोली मागू नये, वाडीतली मागावी, असं माझं ठाम मत आहे. समुद्र कुठं पळून जात नाही. पाखाडीनं थोडं चाललं की सुरूचं बन लागतं आणि त्यापलीकडे चारेक किलोमीटरची पुळण. शनिवारी तिथं उंटगाडीपासून भेळेपर्यंत सगळं असतं. एकांत वाडीतच मिळतो.

वाडी म्हणजे नारळ-सुपारीची बाग. वर नारळाचे झाप, त्याखाली सुपारी, सुपारीच्या खोडाला बिलगलेला मिरीचा वेल, मध्ये जायफळ, केळ, आणि पायाशी हळद नाहीतर अननस. एकाच जमिनीत अशी मजल्यावर मजला पिकं घेण्याच्या पद्धतीला कोकण कृषी विद्यापीठाच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रानं ‘लाखी बाग’ असं नाव देऊन ती कोकणभर रुजवली. पण जुन्या आगरांना ती रीत ठाऊक होतीच. भर मे महिन्यातल्या दुपारीसुद्धा इथं उन्हाचे कवडसे रुपयाएवढेच पडतात. सकाळी पंप सुरू होतो, पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात शिरतं, घरातला कुणीतरी फावड्यानं बांध फोडत, बुजवत पुढे सरकतो. हे शिंपणं तास-दोन तास चालतं. झोपाळ्यावर बसलेल्या दोघांना चहाबरोबर पाहायला यापेक्षा चांगलं काही मी कुठल्याही रिसॉर्टात पाहिलेलं नाही.

गावाचा इतिहास जुना आहे. शके 982 म्हणजे इ.स. 1060 चा दिवेआगर ताम्रपट मराठीतल्या आरंभीच्या लेखांपैकी एक मानला जातो. पण बाहेरच्या माणसाला गाव कळलं ते नोव्हेंबर 1997 नंतर. वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा मिळाला आणि दर्शनाला गाड्या लागल्या. आलेल्यांना जेवायला आणि राहायला हवं होतं. गावात हॉटेलं नव्हती. मग माजघरात पानं मांडली गेली, पडवीला भिंती घालून खोल्या झाल्या. 2012 मध्ये मुखवटा चोरीला गेला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला, आणि काही काळ वर्दळ ओसरली. तोवर ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ ही पाटी मात्र गावाच्या अंगवळणी पडली होती.

राज्याची ‘न्याहारी-निवास’ योजना अशाच घरांना मान्यता देते. केंद्राच्या याच धर्तीच्या योजनेत एका घरात जास्तीत जास्त 6 खोल्या आणि 12 खाटा चालतात, आणि घरमालकानं कुटुंबासह तिथंच राहायला हवं. ही शेवटची अट मला सगळ्यात मोलाची वाटते. घरात माणसं वावरत असली तर जोडप्याला मोकळीक कशी मिळणार, असं पुष्कळांना वाटतं. अनुभव उलटा आहे. घरचं माणूस असलं की काही मागायला फोन करावा लागत नाही, दारावर सारखी टकटक होत नाही. चांगल्या घरातल्या काकू आल्या आल्या एकच प्रश्न विचारतात, “मोदक करायचे ना? किती?” त्यानंतर थेट जेवायच्या हाकेपर्यंत त्या तुमच्या वाटेला येत नाहीत. मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांत सासू-सासऱ्यांसह संसार मांडलेल्या जोडप्याला या हाकेच्या अंतराची किंमत नेमकी कळते.

न्याहारीला घावन असेल तर ओट्याजवळ उभं राहून बघावं. बिडाचा तवा चांगला तापवतात, नारळाच्या शेंडीनं तेलाचा हात फिरवतात. तांदळाचं सरसरीत पीठ वाटीनं कडेकडून मध्याकडे सोडतात, कारण हे पीठ डावानं पसरता येत नाही. तव्याला टेकताक्षणी त्याला जाळी पडते. झाकण ठेवलं की मिनिटभरात कडा आपोआप सुटतात. दुमडलेलं घावन पानात पडतं ते ओल्या नारळाच्या चटणीबरोबर, किंवा गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसाबरोबर. तो नारळ मागच्या दारचाच असतो.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. ताशी 110-120 किलोमीटरच्या वाऱ्यानं श्रीवर्धन तालुक्यातल्या वाड्या आडव्या केल्या. कौलं पुन्हा चढवता आली, खोल्या पुन्हा रंगवता आल्या. सावलीचं तसं नसतं. श्रीवर्धनी रोठा सुपारी लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षं घेते. रोपाला कोवळेपणी ऊन सोसत नाही, म्हणून आधी केळी लावून तिच्या आडोशाला सुपारी वाढवावी लागते. वादळातून वाचलेल्या झाडांचीही शेजारची आड गेली, की पश्चिमेच्या उन्हानं खोडं करपतात. त्यातच कोविडच्या टाळेबंदीनं खोल्या रिकाम्या होत्या आणि वाडीचं उत्पन्नही गेलं. अनेक घरांना एकाच उन्हाळ्यात दोन्ही फटके बसले.

तेव्हापासून खोलीचं भाडं कशासाठी लागतं ते स्पष्ट झालं आहे. नारळ काढणाऱ्या गड्याची मजुरी, पंपाचं बिल, नव्या रोपांची आळी, हे सगळं पाहुण्यांच्या पैशातून चालतं, आणि पाहुणे येतात ते या वाडीसाठीच. काही जण मात्र उघडी पडलेली जमीन फरशी घालून बंद करतात, त्यावर छोटा तरणतलाव आणि रात्री उशिरापर्यंत गाणी. कर्जाचा हप्ता त्यातून लवकर फिटत असेल, हे मी समजू शकतो. पण एकदा काँक्रीट पडलं की तिथं पुढच्या पिढीतही सुपारी उभी राहत नाही, आणि पाहुण्यांना दिवेआगरला यायचं वेगळं कारणही उरत नाही. राज्याच्या 2020 च्याच कृषी पर्यटन धोरणानं शेती करणाऱ्याला नोंदणीचा हक्क दिला, त्यामागचं तर्कशास्त्र मला म्हणूनच पटतं.

खोली ठरवताना फोनवर दोन गोष्टी विचाराव्यात: घरची मंडळी तिथंच राहतात का, आणि वाडी अजून शिंपली जाते का. एसी आणि टीव्हीची चौकशी त्यानंतर. शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी जावं. पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन असा रस्ता आहे. घाटातलं धुकं पाहता अंधारापूर्वी पोचणं बरं. आणि मोदक दुसऱ्या दिवशी दुपारी हवे असतील तर आदल्या रात्रीच सांगून ठेवावं, कारण हळदीची पानं आणि नारळ सकाळी वाडीतूनच काढून आणतात.