फांद्यांचा रेणू आणि लाळ-खुरकूत

सावनेर भागात शेती म्हटली की जनावर आलेच. बँकेत काम करताना दुभत्या गायी-म्हशींसाठी कर्ज घेणारे अनेक शेतकरी बांधव आम्ही पाहतो. अशा घरी लाळ-खुरकूत शिरला की तोंडात व खुरांत फोड येतात, जनावर चारा सोडते, दूध आटते, बैल कामातून जातो. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून या रोगाच्या लसीसंबंधी विज्ञानात जो नवा विचार चालू आहे, त्याची ओळख विद्यार्थी मित्रांना करून द्यावी, असे आम्हास वाटते.

सध्याची लस कशी बनते? कारखान्यात जिवंत विषाणू वाढवितात व नंतर रसायनाने तो निकामी करतात. २०१९ पासून केंद्र शासनाच्या कार्यक्रमात अशीच लस मोफत टोचली जाते. ती उपयुक्त आहेच. परंतु जिवंत विषाणू हाताळणे जोखमीचे असते.

मग विषाणूच्या प्रथिनाचा लहानसा तुकडाच टोचला तर? अशा तुकड्यास पेप्टाइड म्हणतात. अमिनो आम्लांचे मणी ओवून तो प्रयोगशाळेत बनविता येतो. त्याने रोग होत नाही. पण सुटा तुकडा इतका लहान, की शरीराची प्रतिकारशक्ती त्याची फारशी दखल घेत नाही.

येथे फांद्यांचा रेणू कामी येतो. लायसीन या अमिनो आम्लास जोडणीच्या दोन जागा असतात. एकास दोन, त्या दोहोंस आणखी चार लायसीन जोडले की ७ लायसीनच्या झाडास ८ टोके मिळतात. प्रत्येक टोकावर एक पेप्टाइड बसवितात. ही रचना अमेरिकेत जेम्स टॅम यांनी १९८८ मध्ये मांडली. अशा फांद्यांच्या रेणूंस डेंड्रिमर म्हणतात. ग्रीक भाषेत डेंड्रॉन म्हणजे झाड. एकच खूण अनेक टोकांवर एकदम दिसल्याने रक्तातील पेशी जाग्या होऊन प्रतिपिंडे तयार करतात.

२००८ मध्ये स्पेनमधील शास्त्रज्ञांनी अशा रेणूने डुकरांचे लाळ-खुरकुतापासून रक्षण केले. गुरांनाही संरक्षण मिळू शकते, असे २०१७ मध्ये दिसले. माणसांसाठी औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवरही फांद्यांची पेप्टाइडे तपासली जात आहेत. अर्थात विषाणूचे प्रकार अनेक असल्याने बरेच काम बाकी आहे.

ते काम करणारे हात आपल्या मुलामुलींचे का असू नयेत? रसायनशास्त्र व जीवशास्त्र दोन्ही मन लावून शिकावे. आणि तोवर गोठ्यातील जनावरांना दर सहा महिन्यांची लस चुकवू नये, एवढीच विनंती.