शून्याला चार मिलिअँपिअर

टाकी रिकामी असेल तर तारेतला प्रवाहही शून्य असावा, असं आपल्याला सहज वाटतं. कारखान्यात मात्र टाकीवरचा लेव्हल ट्रान्समीटर रिकाम्या टाकीला 4 मिलिअँपिअर देतो आणि भरलेल्या टाकीला 20. अर्धी टाकी म्हणजे 12. खालचे चार वाया गेले असं वाटेल, पण सगळी मेख त्यांच्यातच आहे! तार तुटली की प्रवाह खरोखरच शून्यावर येतो आणि कंट्रोल रूमला लगेच कळतं, की टाकी रिकामी झालेली नाही, तार गेली आहे. शिवाय त्या चिमूटभर प्रवाहावरच ट्रान्समीटरचं स्वतःचं पोटही भरतं. वेगळी वीजजोडणी लागत नाही.

1980च्या दशकात रोजमाउंट या अमेरिकन कंपनीने याच दोन तारांवर ‘हार्ट’ नावाची डिजिटल बोली चढवली. मूळ प्रवाहावर अर्ध्या मिलिअँपिअरची बारीक लहर: सेकंदाला 1200 कंपनं म्हणजे ‘एक’, 2200 म्हणजे ‘शून्य’. लहर जेवढी वर जाते तेवढीच खाली येते, म्हणून सरासरी शून्य. प्रवाह वाचणाऱ्याला बारा बाराच दिसतात. तंबोऱ्याचा षड्ज अखंड चालू असावा आणि त्यावर गवयाने गात राहावं, तसं. इन्स्ट्रुमेंटवाला हातातल्या कम्युनिकेटरच्या दोन क्लिपा तारांना लावतो आणि विचारतो: तुझं नाव काय, रेंज किती, आतलं तापमान किती, काही बिघाड? ट्रान्समीटर उत्तरं देतो, आणि तेवढ्या वेळात मोजमाप क्षणभरही थांबत नाही.

असं बोलकं उपकरण हाताशी असूनही धोक्याच्या वेळी पंप ट्रिप करणारा इंटरलॉक बहुतेक ठिकाणी त्या साध्या प्रवाहावरच चालतो. हार्टची प्रश्नोत्तरं सेकंदाला दोन-तीनदा होतात. ट्रिपसाठी तेवढं पुरेलच याची खात्री कोण देणार? मला ही सावधगिरी जुनाट वाटत नाही.

डिजिटल संदेशांवर सुरक्षा सोपवायचीच, तर ‘प्रोफिसेफ’सारख्या पद्धती मधल्या केबलवर मुळी विश्वासच ठेवत नाहीत. प्रत्येक संदेशाला अनुक्रमांक आणि तपासणीचा आकडा जोडलेला असतो, यायची मुदतही ठरलेली असते. संदेश उशिरा आला, दुबार आला, बिघडून आला किंवा आलाच नाही, तर यंत्रणा थेट सुरक्षित स्थितीत जाते. शांतता म्हणजे ‘सगळं ठीक’ असं ती कधीच धरत नाही. चार मिलिअँपिअरचंच शहाणपण हे, नव्या पोशाखात.

पण संदेश वेळेवर येतो आणि खोटं सांगतो, तेव्हा? इंग्लंडमधल्या बन्सफील्ड तेलसाठ्यावर 11 डिसेंबर 2005च्या पहाटे तीनच्या सुमारास एका टाकीचा लेव्हल गेज अडकला. पेट्रोल येत राहिलं, पडद्यावरचा आकडा मात्र जागचा हलेना. शेवटचा राखणदार होता पातळी फार वर गेली की पुरवठा तोडणारा स्वतंत्र स्विच. त्याची चाचणीची दांडी योग्य जागी धरून ठेवायला एक कुलूप लागत होतं. ते कोणी लावलंच नव्हतं, म्हणून स्विच निकामी. टाकी ओसंडून वाहिली आणि सहा वाजून एक मिनिटाने स्फोट झाला. चाळीसहून अधिक लोक जखमी झाले. रविवारची पहाट होती, जीव कोणाचा गेला नाही.

असा गोठलेला आकडा पकडणं संगणकाला काही अवघड नाही. पाइपवरचा फ्लो मीटर सांगतो तेवढं पेट्रोल आत गेलं असेल, तर पातळी किती वाढायला हवी हा साधा हिशेब आहे. तेवढी ती वाढत नसेल, तर दोघांपैकी एक मीटर चुकतो आहे, आणि तो कोणता हे शोधायच्या आधी पुरवठा बंद करायचा असतो.