परसबागेतले पाम, परवडणारे

रोपवाटिकेत पामची किंमत मुख्यतः त्याच्या वयावर ठरते. एकाच जातीचे पिशवीतले गुडघाभर रोप आणि मोठ्या कुंडीतले, खोड दिसू लागलेले झाड शेजारीशेजारी ठेवलेले असते आणि दोहोंच्या दरांत कित्येक पटींचा फरक असतो. त्या जादा पैशांत गिऱ्हाईक दुसऱ्या कोणी घातलेली वर्षे, पाणी आणि जागा विकत घेत असते. ज्याच्याकडे थोडी जमीन आहे आणि दोन-तीन वर्षे थांबायची तयारी आहे, त्याला हा खर्च करण्याची गरज नाही. तालकुलातल्या झाडांची वाढ ज्या पद्धतीने होते, तिच्यामुळे तर लहान रोप घेणेच शहाणपणाचे ठरते.

तालकुलात जगभर सुमारे २,६०० जाती आहेत. आंबा किंवा फणसासारखे यांचे खोड वर्षागणिक जाड होत जात नाही. कोवळे रोप आधी जमिनीलगत खोडाचा बुंधा रुंद करते आणि त्या जातीची जाडी बहुतेक पूर्ण झाली, की मगच उंचीला लागते. या पहिल्या टप्प्यात वरून काहीच घडत नसल्यासारखे वाटते, पण खाली मुळे आणि बुंधा तयार होत असतात. कुंडीत मुळे कोंडलेल्या झाडाला हे काम नीट करता येत नाही. म्हणून जमिनीत लावलेले लहान रोप काही वर्षांत कुंडीतून आणलेल्या महागड्या झाडाला बहुधा गाठते. मोठे झाड मुळांसकट उपटून आणले असेल तर त्याला नवी मुळे फुटायलाच एखादा हंगाम जातो. कधी ते जगतही नाही.

वयाखालोखाल किंमत ठरवते ती दुर्मीळता, आणि ती कायम टिकत नाही. फॉक्सटेल पाम याचे ठळक उदाहरण आहे. कोल्ह्याच्या शेपटीसारखी झुबकेदार पाने असलेला हा पाम मूळचा ऑस्ट्रेलियाच्या केप यॉर्क द्वीपकल्पातला. १९८३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि पुढच्या काही वर्षांत बियांना एवढी मागणी आली, की जंगलातून त्या चोरून नेल्या जाऊ लागल्या. पण हे झाड लवकर वाढते आणि भरपूर फळते. बागांमधली झाडे बी धरू लागल्यावर दर उतरले आणि आज महाराष्ट्रातल्या साध्या रोपवाटिकांतही त्याची रोपे मिळतात. याउलट, लाल देठांचा लिपस्टिक पाम किंवा गोल, चुण्या पडलेल्या पानांचा लिकुआला मुळातच सावकाश वाढतो, त्यामुळे त्यांचे दर चढेच राहतात. हाताशी मोजके पैसे असतील तर या दोघांचा मोह सोडावा.

सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचे पाम म्हणजे आपल्याच मातीतले, आणि नेमके तेच यादीतून वगळले जातात, ही खेदाची गोष्ट आहे. माड आणि पोफळ ही उत्पन्नाची झाडे म्हणून शोभेच्या बागेत कुणी मनात आणत नाही. प्रत्यक्षात पोफळीइतका सडपातळ आणि देखणा पाम शोधून सापडणार नाही. तिचे खोड मनगटापेक्षा थोडेच जाड, माथ्यावर गुळगुळीत हिरवी नळी आणि तीवर आटोपशीर शेंडा. बागायतीत पोफळी साधारण २.७ मीटर अंतरावर लावतात. म्हणजे घराच्या बाजूच्या अरुंद पट्टीतही तीन-चार झाडांची रांग बसते. रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. गोव्यातल्या कुळागरांत माड, पोफळ, मिरवेल आणि केळी एकमेकांच्या सावलीत वाढतात, आणि छोट्या परसात हीच मांडणी लहान प्रमाणावर करता येते. पोफळीला कोवळेपणी दुपारचे ऊन सोसत नाही. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या उन्हाने तिचे खोड भाजते, म्हणून त्या बाजूला केळ लावून ठेवावी.

माडाला मात्र जागा हवी. बागायतीत दोन माडांत ७.५ मीटर अंतर ठेवतात. छपरावर, गाडीवर किंवा रस्त्यावर नारळ पडणार नाही अशी जागा नसेल तर माड लावू नये. लहान आवारात चौघाट ऑरेंजसारखी ठेंगणी जात बरी. ती लवकर धरते आणि तिचे शहाळे उतरवायला पाडेकऱ्याची वाट पाहावी लागत नाही, निदान पहिली काही वर्षे.

सह्याद्रीच्या जंगलातला भेर्ली माड, म्हणजेच सुरमाड, माशाच्या शेपटीसारख्या पानांमुळे लांबूनच ओळखू येतो. वाढीला तो जलद असतो आणि रोपही महाग नसते. त्याच्याविषयी दोन गोष्टी आधीच माहीत हव्यात. फुलोरा शेंड्याकडून खाली उतरत येतो आणि काही वर्षांत ती फेरी संपली, की झाड मरते. आवारात उंच, वाळलेले खोड पाडण्याचा खर्च त्या वेळी येतो. दुसरे म्हणजे फळांच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि त्यांनी हाताला भयंकर खाज सुटते. देशावरच्या कोरड्या हवेत शिंदी हा खरा आपला पाम. तिच्या पानांपासून केरसुण्या होतात, उन्हाळा आणि हलकी जमीन ती सहज सोसते. पानांच्या बुडाशी तीक्ष्ण काटे असल्याने मुलांच्या वाटेवर मात्र ती नको. ताडाचे रोप विकत आणण्याऐवजी बी जागेवरच पुरावे. उगवताना त्याचा कोंब आधी खोल जमिनीत शिरतो आणि नंतर ते रोप हलवणे जवळजवळ अशक्य होते.

परदेशी जातींत स्वस्ताईचा पहिला मान अरेका पामचा. तो मूळचा मादागास्करचा. पिवळसर देठांचे त्याचे बेट होते आणि आडोशासाठी त्याची हिरवी भिंत उत्तम होते. न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियाकडचा मॅकार्थर पामही बेटाने वाढतो, लाल फळांचे घोस धरतो आणि अर्ध्या सावलीत खूश असतो. अरेकाच्या मानाने त्याची विचारपूस कमी होते, ती वाढायला हवी. पंख्यासारख्या पानांचा लिव्हिस्टोना बियांपासून सहज होतो, म्हणून त्याची लहान रोपे स्वस्त असतात. रॉयल पाम क्यूबाकडचा. रोप स्वस्त, वाढ जोमदार, पण २० मीटरच्या वर जाणारे हे झाड आणि त्याची गळणारी जड झावळी बैठ्या घराच्या कौलांना परवडणारी नाही. पामचा शेंडा छाटून उंची आवरता येत नाही. वाढीचा कोंब एकच असतो, तो गेला की ते खोड मेले. त्यामुळे रोप निवडताना त्याची अखेरची उंची आधी विचारावी.

नावांच्या गोंधळात पैसे जातात. आपल्याकडे बुंध्याशी फुगीर असलेल्या रॉयल पामलाच अनेक ठिकाणी ‘बॉटल पाम’ म्हणतात. खरा बाटली पाम मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड या बेटावरचा आहे, जंगलात त्याची मोजकीच झाडे उरली आहेत आणि तो बुटका, सावकाश वाढणारा आहे. त्याचा दर जास्त असणे रास्त आहे, पण त्या दराने रॉयल पाम घरी येता कामा नये. खरा बाटली पाम लहानपणीही बुडाशी ठळक फुगलेला असतो आणि त्याला मोजकीच, वाकलेली पाने असतात. तसेच ‘सायकस’ किंवा ‘सागो पाम’ आणि पंख्यासारखी पाने पसरणारा ‘ट्रॅव्हलर्स पाम’ ही तालकुलातली झाडेच नव्हेत. त्यांची निगा वेगळी असते.

स्वस्त रोपांसाठी शहरातल्या सजवलेल्या दुकानाऐवजी रोपे जिथे तयार होतात तिकडे जाणे चांगले. आंध्र प्रदेशात गोदावरीकाठी राजमहेंद्रीजवळच्या कडियममध्ये रोपवाटिकांचा मोठा पट्टा आहे आणि महाराष्ट्रात विकली जाणारी शोभेची पुष्कळ झाडे तिथून येतात. पुण्याजवळ सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या परिसरातही अशा रोपवाटिका आहेत. पाच-सहा शेजाऱ्यांनी एकत्र जाऊन रोपे घेतली तर घाऊक दराच्या जवळपास सौदा होतो आणि वाहतूक वाटून घेता येते. माड आणि पोफळीसाठी मात्र कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेला तोड नाही. दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र रत्नागिरीजवळ भाट्ये येथे आहे, सुपारीचे श्रीवर्धनला. तिथे जातीची खात्री असते, आणि फळ धरायला पाच-सात वर्षे लागणाऱ्या झाडात ती खात्री सर्वांत मोलाची. मागणी मोठी असल्याने नोंदणी पावसाळ्याच्या बरीच आधी करावी.

रोप निवडताना उंचीला भुलू नये. सावलीत दाटीने वाढलेले रोप लांबट आणि लेचेपेचे होते. बुंधा जाड, पाने आखूड देठाची आणि मधला न उलगडलेला कोंब घट्ट असावा. कोंब हलक्या हाताने ओढल्यावर निघून आला तर आत कुजले आहे. पानांच्या मागे आणि देठांच्या बेचक्यांत खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण आहे का, ते पाहावे. माडाचे रोप ९ ते १२ महिन्यांचे, चार-सहा पानांचे आणि बुंध्याशी १० ते १२ सेंटिमीटर घेराचे असेल तर उत्तम.

याहून स्वस्त मार्ग म्हणजे बी. वसाहतींच्या आवारात, संस्थांच्या बागांत रॉयल, मॅकार्थर आणि लिव्हिस्टोनाची पिकलेली फळे झाडाखाली पडलेली असतात. माळ्याला विचारले तर तो सहसा नाही म्हणत नाही. पामचे बी ताजेच हवे. बऱ्याच जातींचे बी सुकले की काही आठवड्यांत उगवण गमावते, म्हणून पाकिटातून येणाऱ्या जुन्या बियांवर पैसे घालवू नयेत. हातमोजे घालून गर काढावा, बी एक-दोन दिवस पाण्यात भिजवावे आणि ओलसर कोकोपीटमध्ये मिसळून पारदर्शक पिशवीत बांधून उबदार, सावलीच्या जागी ठेवावे. कोकोपीट दाबल्यावर पाणी ठिबकू नये, इतकाच ओलावा असावा. उन्हाळा आणि पावसाळ्याची सुरुवात हा उगवणीचा उत्तम काळ. अरेका, मॅकार्थर, लिव्हिस्टोना एक ते तीन महिन्यांत कोंब दाखवतात. रॉयल आणि फॉक्सटेलला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. अंकुरलेले बी खोलगट पिशवीत हलवावे, कारण पहिले मूळ सरळ खाली जाते.

अरेका पामच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. बाजारात भरगच्च दिसणाऱ्या एका कुंडीत बहुधा दहा-पंधरा वेगवेगळी रोपे दाटीने लावलेली असतात. अशी एक कुंडी घेऊन जूनमध्ये मातीचा गोळा पाण्यात सैल करावा आणि तीन-तीन रोपांचे झुबके वेगळे करावेत, म्हणजे एकाच खर्चात कुंपणाची रांग उभी राहते. मुळे तुटतात, त्यामुळे पहिला महिना-दीड महिना सावली लागते. ऱ्हॅपिस पामचे जुने ठोंबही असेच फोडता येतात. हा पाम मुळात महाग, पण ओळखीच्या घरातून एक फुटवा मिळाला तर सावलीच्या अंगणासाठी त्याहून टिकाऊ झाड नाही.

लागवड पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर करावी. हिरव्या जाळीखाली वाढलेले रोप थेट उन्हात लावले तर पाने करपतात, म्हणून त्याला दोन-तीन आठवडे हळूहळू ऊन दाखवावे. रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच खोल लावावे. बुंधा मातीत गाडला तर तो कुजतो. माड याला अपवाद आहे. मीटरभर खोल-रुंद खड्ड्यात तो खाली लावतात आणि खोड वर येईल तसा खड्डा भरत आणतात. कोकणातल्या जांभ्यात निचरा आपोआप होतो, पण खत वाहून जाते, म्हणून पालापाचोळ्याचे आच्छादन हवे. देशावरच्या काळ्या जमिनीत पाणी साचते, म्हणून वरंबा करून त्यावर रोप लावावे. विदर्भाच्या उन्हाळ्यात आणि नाशिकच्या थंडीत शिंदी, लिव्हिस्टोना, फॉक्सटेल टिकतात; पोफळ आणि लिपस्टिक पामला कोकण-गोव्याची दमट हवाच मानवते.

पुढची निगा फारशी खर्चीक नाही. पामला पालाशची भूक मोठी असते. ते कमी पडले की झाड जुन्या पानांतले पालाश काढून नव्या पानांना पुरवते, आणि म्हणून जुनी पाने पिवळी, ठिपकेदार होतात. ती दिसायला वाईट म्हणून लगेच कापली तर झाडाचा साठाच तोडला जातो. पूर्ण वाळल्यावरच झावळी काढावी. शेणखत, निंबोळी पेंड आणि चुलीची राख एवढ्यावर घरचे पाम चांगले वाढतात.

शत्रू दोन. गेंड्या भुंगा कोवळ्या कोंबात शिरतो आणि नंतर उलगडणारे पान त्रिकोणी कापल्यासारखे दिसते. तो शेणाच्या उकिरड्यात वाढतो, म्हणून कच्चे शेण झाडाजवळ साठवू नये. शेंड्यातल्या बेचक्यांत वाळू आणि निंबोळी पेंड भरून ठेवल्याने त्याला अटकाव होतो. सोंड्या भुंगा त्याहून घातक. खोडावरच्या जखमेच्या वासाने तो येतो आणि अळ्या आतून गाभा पोखरतात. खोडाला खिळे ठोकणे, चढण्यासाठी पायऱ्या खोदणे, हिरवी झावळी ओरबाडणे यांतून त्याला वाट मिळते. खोडातून तांबूस चिकट द्रव गळू लागला तर लगेच कृषी अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा. शेंडा कोलमडलेले झाड मात्र वाचत नाही. ते तोडून, चिरून जाळावे लागते, नाहीतर भुंगे आजूबाजूच्या माडांवर जातात.