पुन्हा ऑफिसकडे, लेखांक ७ : शांघायमधला चेंडू

आज ‘४३ अ’बद्दल लिहायचं ठरलं होतं. एसईझेडमधल्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, कंपन्यांना घरून कामाची मुभा देणारा २०२२चा तो नियम, त्यातली पन्नास टक्क्यांची अट, पुढे मिळालेल्या सवलती, हे सगळं पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. मधेच चिंचवडच्या एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि त्यांच्या प्रश्नाला बगल देऊन पुढे जावंसं वाटेना.

त्या लिहितात, ‘टीसीएसनं १ ऑक्टोबर २०२३पासून सगळ्यांना पाचही दिवस बोलावलं, पुढच्या वर्षी हजेरी पगाराच्या बदलत्या भागाला जोडली, हे तुमच्या लेखात वाचलं. पण माझ्या मुलाला त्याच्या कंपनीनं घरून काम करायची पूर्ण मोकळीक दिली आहे. तरी हा रोज डबा घेऊन हिंजवडीला निघतो. भूमकर चौकात तास तास अडकतो. विचारलं तर म्हणतो, घरी जीव रमत नाही. लोक सक्तीविरुद्ध भांडताहेत आणि हा आपण होऊन जातो. हे कसं काय?’

याचं उत्तर द्यायला आधी शांघायला जाऊन यावं लागतं. घरून कामाबद्दल मी आजवर जे वाचलं, त्यात मला सर्वांत आवडलेला प्रयोग तिथे झाला, तोही करोनाच्या सुमारे दहा वर्षं आधी.

सीट्रिप ही चीनमधली मोठी प्रवास कंपनी. विमानाची तिकिटं आणि हॉटेलच्या खोल्या फोनवरून आरक्षित करून देणारं तिचं भलंमोठं कॉल सेंटर होतं. शांघायमध्ये जागेची भाडी आकाशाला भिडलेली आणि कॉल सेंटरमधली माणसं टिकत नव्हती. माणसांना घरी बसवलं तर भाडं वाचेल हे उघड होतं. पण घरी बसून ती काम करतील का? कंपनीचे एक संस्थापक जेम्स लिआंग तेव्हा अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्थशास्त्राची डॉक्टरेट करत होते आणि निकोलस ब्लूम तिथे प्राध्यापक होते. अशा वेळी बहुतेक मालक चार वरिष्ठांशी बोलतात आणि आदेश काढतात. लिआंग यांनी ब्लूम यांच्या साथीनं, नव्या औषधाची घेतात तशी रीतसर चाचणी घ्यायचं ठरवलं.

दोन विभागांतल्या ९९६ जणांना विचारलं, घरून काम करणार का? तयार झाले ५०३. म्हणजे ऑफिसला जायचा त्रास वाचत असूनही जवळजवळ निम्मे लोक पहिल्याच फेरीत नको म्हणाले. तयार झालेल्यांना पुढे अटी लागल्या: सहा महिन्यांची नोकरी, घरी ब्रॉडबँड आणि कामाच्या वेळात स्वतःपुरती एक खोली. अटींत बसले २४९. मग लिआंग यांनी सगळ्यांच्या देखत भांड्यात हात घालून पिंगपाँगचा एक चेंडू काढला. सम! महिन्याच्या सम तारखेला जन्मलेले घरी, विषम तारखेचे ऑफिसात. ना वशिला, ना वरिष्ठांची मर्जी. घरी गेलेल्यांनी चार दिवस घरून काम करायचं आणि पाचव्या दिवशी ऑफिसात यायचं. संगणक तसेच, कॉल वाटणारी यंत्रणा तीच, साहेब तेच, पगाराचा हिशेब तोच. बदलली फक्त जागा. डिसेंबर २०१०पासून नऊ महिने हे चाललं.

घरी बसलेल्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. त्यातले नऊ टक्के आले जास्त मिनिटं काम केल्यामुळे. उशिरा पोचणं, लांबलेला चहा, आजारपणाची रजा हे सगळं घटलं. उरलेले चार टक्के आले दर मिनिटाला जास्त कॉल घेतल्यामुळे, आणि त्याचं कारण होतं शांतता. कॉल सेंटरच्या मजल्यावर शेजारचा दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत असतो, पलीकडचा आवाज नीट येत नाही, ‘पुन्हा सांगता का’ म्हणावं लागतं. घरी हे थांबलं. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. माणसामागे वर्षाला साधारण दोन हजार डॉलर वाचतात, असा हिशेब निघाला.

बहुतेक लोक या प्रयोगाची गोष्ट इथेच संपवतात. आपल्या प्रश्नाचं उत्तर मात्र इथून पुढे आहे.

नऊ महिन्यांनी कंपनीनं चेंडू बाजूला ठेवला आणि सांगितलं, आता तुम्हीच निवडा. प्रयोगातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी आपलं आधीचं मत बदललं. घरून काम हवं म्हणून ज्यांनी स्वतः नाव दिलं होतं, त्यांतलेच कित्येक ऑफिसात परत आले. प्रवास होता, त्याचं भाडं होतं, तरी आले. मुख्य कारण सांगितलं एकटेपणाचं. आणि जे निवडीनंतर घरी राहिले, त्यांच्या कामातली वाढ १३वरून २२ टक्क्यांवर गेली. ज्यांना घर मानवत नव्हतं ते आपणहून बाजूला झाले होते.

म्हणून त्या बाईंना सांगतो, तुमच्या मुलाचं काही चुकत नाही. माणूस ऑफिसात नुसतं काम करायला जात नाही. डबा उघडला की शेजारच्याची भाजी चाखायला मिळते, अडलेला कोड मागे वळून विचारता येतो. आणि तो खोलीचा प्रश्न आहेच. शांघायच्या प्रयोगात स्वतःपुरती खोली नसलेल्याला घेतलंच नव्हतं. करोनात आपल्याकडे अशी निवड कोणी केली नाही. दोन खोल्यांच्या घरात नवरा बेडरूममध्ये मीटिंगला, बायको ओट्याशेजारी लॅपटॉप मांडून, कुकरची शिट्टी व्हायला लागली की माइक बंद करायची धावपळ. अशा घरात जीव रमत नाही हे त्या मुलाचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

पण या प्रयोगात आणखी एक गोष्ट निघाली आणि ती मला सलते. काम सारखंच चांगलं असलं, तरी घरून काम करणाऱ्याला बढती मिळण्याचं प्रमाण ऑफिसातल्यापेक्षा कमी होतं. माझ्या मते कारण साधं आहे. चिडलेल्या गिऱ्हाइकाला कोण शांत करतं, नव्या मुलीला कोण समजावून सांगतं, हे रांगांमधून फिरणाऱ्या टीम लीडरला डोळ्यांनी दिसतं. घरी बसलेल्याचे फक्त आकडे दिसतात. आपल्याकडे लहान मुलं किंवा आजारी सासू-सासरे यांच्यासाठी घरून काम मागणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येनं आहेत. सवलत म्हणून मिळालेलं घर त्यांना बढतीच्या रांगेतून बाहेर काढत असेल, तर तो उघड अन्याय आहे. कंपन्यांनी हा हिशेब दरवर्षी तपासायला हवा.

सीट्रिपनंच २०२१मध्ये पुन्हा प्रयोग केला. आता तिचं नाव ट्रिप डॉट कॉम झालं होतं. या वेळी १६१२ जण होते. कॉल सेंटरवाले नाही, तर इंजिनिअर, मार्केटिंगवाले, हिशेब बघणारे. विषम तारखेला जन्मलेल्यांना बुधवारी आणि शुक्रवारी घरून काम करायची मुभा, बाकीचे तीन दिवस ऑफिस. पुढची दोन वर्षं त्यांच्या कामाचे शेरे आणि बढत्या पाहिल्या, तर सम आणि विषम यांत फरक सापडला नाही. आठवड्यातले तीन दिवस माणूस डोळ्यांसमोर होता, म्हणून बढती सुटली नाही असं मी समजतो. नोकरी सोडणारे मात्र एक तृतीयांशानं कमी झाले, विशेषतः बायका आणि लांबून येणारे. सुरुवातीला मॅनेजरांना वाटत होतं की यानं काम घटेल. प्रयोगानंतर त्यांचंच मत पालटलं. कंपनीनं ही सोय सगळ्यांना लागू केली.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२३मध्ये इन्फोसिसनं बऱ्याच कर्मचाऱ्यांना महिन्यातून दहा दिवस आणि विप्रोनं आठवड्यातून तीन दिवस बोलवायला सुरुवात केली. पाच दिवसांच्या सक्तीपेक्षा हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो, आणि शांघायचे आकडे त्याच्याच बाजूचे आहेत. अंतर आणि घर प्रत्येकाचं वेगळं. तीन दिवस सगळ्यांनी एकत्र यावं, उरलेले दोन ज्याचे त्यानं ठरवावेत.

‘४३ अ’ पुढच्या आठवड्यात नक्की. हिंजवडीच्या किंवा खराडीच्या एसईझेडमध्ये ज्यांनी २०२० ते २०२३ या काळात नोकरी केली, त्यांनी त्या लेखासाठी एवढं जरूर कळवावं : ऑफिसचा संगणक घरी नेताना गेटवर कोणते कागद भरून घेतले होते?