खोट्या नाण्यांची पारख आणि मोल

जुन्या पेटीत, देवघरात किंवा पायाच्या खोदकामात मिळालेला प्रत्येक रुपया अस्सल असतोच असे नाही. आणि खोटा ठरलेला प्रत्येक रुपया टाकाऊ असतो, असेही नाही. तो कधी व कशासाठी पाडला गेला, यावर त्याचे मोल अवलंबून असते.

काही खोटी नाणी त्या त्या काळी बाजारात खपविण्यासाठीच पाडलेली असतात. तांब्याच्या चकतीवर चांदीचा मुलामा देऊन असे रुपये केले जात. नाणी पारखणे हे गावच्या पोतदाराचे व सराफाचे कामच होते. संशय आल्यास ते नाण्यावर छेद देऊन आतील धातू पाहत. छेदातून तांबे दिसणारा असा रुपया म्हणजे तत्कालीन व्यवहाराचा पुरावाच होय. म्हणूनच संग्राहक तो खोटा आहे हे जाणून विकत घेतात. त्याला ठराविक भाव नसतो. त्याच्या जुनेपणाविषयी खात्री किती, यावर किंमत ठरते.

याउलट, अलीकडे केवळ फसवणुकीसाठी केलेल्या नाण्यांना संग्रहमूल्य जवळजवळ नसते. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ हे वर्ष, ‘एक आणा’ ही किंमत आणि मागे रामदरबार असलेले नाणे अनेकांनी पाहिले असेल. कंपनीने असे नाणे कधीच पाडले नाही. १८३५ नंतरच्या तिच्या तांब्याच्या नाण्यांत पाव आणा व अर्धा आणा आढळतो, एक आणा नाही. तरीही ‘तांदूळ ओढणारे नाणे’ म्हणून असल्या चकत्यांसाठी भोळ्या माणसांकडून मोठमोठ्या रकमा उकळल्या गेल्या आहेत.

चांदीच्या रुपयाची पारख शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येते. १८३५ ते १९३९ या काळातील रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम असून त्यात चांदी सुमारे ९१.७ टक्के असते. दोऱ्याने टांगून पाण्यात बुडविल्यास त्याचे वजन सुमारे १.१३ ग्रॅमने घटते. त्याच वजनाचा तुकडा तांब्याचा असल्यास घट १.३ ग्रॅमपर्यंत जाते. वापराने झिजलेल्या रुपयाचे वजन थोडे कमी भरते, परंतु वजनाचे घटीशी असलेले प्रमाण, म्हणजे सुमारे १०.३, बदलत नाही. कडेवर साच्याची सांध, पृष्ठभागावर बारीक खड्डे आणि बोथट अक्षरे दिसल्यास नाणे ओतीव असल्याचा संशय घ्यावा. नाणे चिंचेने वा राखेने मात्र कदापि घासू नये. त्याने अस्सल नाण्याचेही मोल उतरते.

जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. नाणी खरी की खोटी, हे सापडणाऱ्याने परस्पर ठरवून ती विकून टाकू नयेत. जुन्या नाण्यांच्या खरेदीविक्रीत आपल्या नावाने शुल्क वा दलाली मागणाऱ्यांपासून सावध राहण्याची सूचना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिली होती. ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावर ती लावण्यासारखी आहे.